पाण्याखालचा तृणमणी

बाबांच्या उजव्या मांडीवर
तळहाताएवढी जागा होती, तिथे केस उगवत नसत.
सहा वर्षांचे असताना उझेडोमच्या किनाऱ्यावर
त्यांना एक खडा सापडला, मधाच्या रंगाचा, ओला.
तृणमणी म्हणून खिशात टाकला.
घरी येईपर्यंत तो वाळला,
अंगाच्या उबेनं जागा झाला
आणि खिसा पेटला.

युद्धातल्या बाँबचा स्फुरद होता तो.
समुद्र अजूनही परत करतो, थोडा थोडा,
हप्त्यांनी देणं फेडणाऱ्या प्रामाणिक माणसासारखा.

मी रोस्टॉकच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
त्याच स्फुरदाची चाकरी करते आहे.
बाबांना हे कधी नीट सांगितलं नाही.
काय करतेस तिथं? विचारायचे.
भांडी घासते, म्हणायचे मी.
खोटंही नव्हतं.

माझ्याकडचा स्फुरद माणसाळलेला.
तीन बाजूंनी कार्बनच्या कड्यांनी जखडलेला,
चौथी बाजू मोकळी. तिथे दोन इलेक्ट्रॉन,
त्यांना पुस्तकात म्हणतात एकाकी जोडी.
जोडी, आणि एकाकी.
माझं लग्न बावीस वर्षं टिकलं,
हा शब्द मला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

ही जोडी तो धातूपुढे धरतो, हात न राखता.
धातू म्हणजे ऱ्होडियम, सोन्याहून महाग,
फ्लास्कमध्ये आहे की नाही कळू नये इतका.
स्फुरदाचे खांदे किती रुंद
त्यावर ठरतं, पाहुणे कुठल्या बाजूनं आत येणार,
कोण कुणाशेजारी बसणार.
ते येतात, जुळतात, उठून जातात,
आणि ऱ्होडियम पुन्हा मोकळा,
करून सवरून नामानिराळा.
दहा हजार वेळा. मग एकदा कुठून तरी हवा शिरते.

म्हणून काचेची दुहेरी नळी:
एकीत निर्वात, दुसरीत आर्गॉन,
मधे माझी बोटं, तोटी फिरवणारी.
तामे, आमचा फ्रिसलँडचा मुलगा, तिसऱ्या वर्षात आहे,
तोट्या अजून घाईनं फिरवतो.
त्याच्या स्वेटरला लसणीचा वास येतो, तो आमच्या धंद्याचा.
ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी राहते, म्हणतो.

नोव्हेंबरात बाबा गेले.
तळघरात, रंगाच्या डब्यांमागे, एक बरणी सापडली.
काठोकाठ पाणी, तळाशी मधाच्या रंगाचा खडा.
झाकणावर त्यांच्या अक्षरात: वाळू देऊ नका.

कधी सापडला असेल हा दुसरा?
आणि सापडल्यावर
फेकायचा सोडून पाणी घालत का राहिले?

मी बरणी मांडीवर घेऊन गाडीतून प्रयोगशाळेत आणली,
भाची चालवत होती, तिला सांगितलं, लोणचं आहे.
परीक्षा सोपी. पाण्यात मीठ,
विरघळायचं थांबेपर्यंत.
स्फुरद असेल तर बुडेल.

तरंगला.

तृणमणीच होता. बरणीवरच्या लेबलवर
पूर्व जर्मनीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं नाव.
म्हणजे निदान पस्तीस वर्षं
एक निरपराध खडा पाण्याखाली,
आणि वर पहारा देणारा एक माणूस.

आज संध्याकाळी तामेनं हाक मारली.
पडद्यावर स्फुरदाची रेघ.
ऑक्सिजननं गिळला तर एकच टोक दिसतं, उंच, एकटं.
ऱ्होडियमनं धरला असेल तर
त्याच टोकाची दोन होतात, सारखी, शेजारी शेजारी.
दोन होती. तामे खुर्चीतून उठला.
मग दोघांनाही दिसलं, बाजूला, गवताच्या पात्याएवढं
तिसरं.

किती हवा गेली असेल? त्यानं विचारलं.
एक श्वास, मी म्हटलं. तोटी हळू फिरव.
तो लिहून घेत होता.
माझ्या एप्रनच्या खिशात खडा होता, कोरडा,
आणि मी दर थोड्या वेळानं हात घालून पाहत होते
गरम तर लागत नाही ना.